फळ आणि फलश्रुती

मराठी समीक्षेची परिभाषा जिभेवर वाढलेली आहे. रस, आस्वाद, रसग्रहण, चर्वणा, अभिरुची हे तिचे मूलभूत शब्द पाहिले, तर कलाकृती ही आधी चाखण्याची गोष्ट आहे, असे या परिभाषेने गृहीत धरलेले दिसते. याच परंपरेत आणखी एक शब्द तितकाच दृढ आहे : फलश्रुती. स्तोत्र संपले की ते म्हणणाऱ्याला काय लाभेल हे सांगणारे श्लोक येतात. आणि स्तोत्रांची सवय सुटलेला आधुनिक वाचकही कविता वाचून झाल्यावर 'यातून साधले काय?' असा प्रश्न विचारतोच. एकीकडे चवीची अपेक्षा, दुसरीकडे फळाची. या दोन अपेक्षांच्या मध्ये ज्या कलाकृतीची विशेष कुचंबणा होते, ती म्हणजे फळांचे चित्र. त्यात फळे असतात, पण ती चाखता येत नाहीत. आणि ते चित्र पाहिल्याचे फळ काय, हे तर ते सांगतच नाही.

हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर या गावी एका घरात काही काळ भिंतीवर टांगलेला होता. सिद्धेश्वर औंढा नागनाथ तालुक्यात आहे. पूर्णा नदीवर येलदरीच्या खाली बांधलेल्या धरणामुळे गावाचे नाव नकाशावर ठळक झाले. १९९९ साली परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा ते परभणीतून हिंगोलीत आले. माध्यमिक शाळेत हयात घालवून निवृत्त झालेल्या एका चित्रकला-शिक्षकाचे ते घर. कोणीतरी परदेशातून आणलेल्या एका जुन्या दिनदर्शिकेचे पान त्यांनी कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून बैठकीच्या खोलीत लावले होते. चित्र होते ग्यूस्ताव्ह कायबॉत या फ्रेंच चित्रकाराचे : दुकानात विक्रीसाठी मांडलेली फळे. मूळ तैलचित्र १८८१-८२च्या सुमाराचे असून ते अमेरिकेतील बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. मूळ चित्राची रुंदी सुमारे एक मीटर. दिनदर्शिकेचे पान वीतभर. रंगलेपाची जाडी, कुंचल्याचा ओघ, कॅनव्हासाचा पोत, यांतले काहीही छापील कागदावर उतरत नाही. तरीही महाराष्ट्राच्या बहुसंख्य रसिकांना पाश्चात्त्य चित्रकला भेटली ती अशा छापील पानांवरच, आणि त्या भेटीतून जे घडले त्याचा विचार मूळ चित्र पाहिले नाही म्हणून टाळता येत नाही.

चित्रात टेबल नाही, भिंत नाही, खिडकी नाही, क्षितिजरेषा नाही. वरून, अगदी जवळून पाहावे तशी फळे चौकटीच्या कडांपर्यंत भरलेली आहेत. संत्री, सफरचंदे, अंजिरे असे वेगवेगळे वाटे चुरगळलेल्या पांढऱ्या कागदावर मांडले आहेत. मधूनमधून हिरवी पाने खोचली आहेत. चित्राचा विषय फळे हा असला तरी चित्रातली खरी घडामोड कागदावर चालते. हा कागद पांढरा आहे असे पाहणारा चटकन म्हणतो. पण नजर थोडी स्थिरावली की त्यात निव्वळ पांढरा असा भाग फारच थोडा असल्याचे जाणवते. घड्यांमध्ये निळा आहे, जांभळट करडा आहे, फळांच्या बाजूला त्यांच्याच रंगांची पुसट झाक आहे. कागद पांढरा आहे हे डोळ्याला दिसत नसते. ते मनाला आधीपासून ठाऊक असते.

ठाऊक असणे आणि दिसणे यांतली ही फट म्हणजेच दृक्‌प्रत्ययवादाचे क्षेत्र. १८७४ साली पॅरिसमध्ये, छायाचित्रकार नादार याच्या जुन्या स्टुडिओत, मोने, रेन्वार, पिसारो, देगा, सेझान आदींनी आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले. मोनेच्या एका सूर्योदयाच्या चित्राच्या नावावरून लुई लरोआ या पत्रकाराने त्यांची टर उडवली आणि त्या टवाळीतून संप्रदायाचे नाव रूढ झाले. पण त्यामागील विचाराची तयारी आधीपासून चालली होती. गोब्लँ येथील विणकामाच्या कारखान्यातील रंगविभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३९ साली शेजारी ठेवलेल्या रंगांच्या परस्परपरिणामाचा नियम ग्रंथरूपाने मांडला. रंग एकटा दिसत नाही. शेजारच्या रंगामुळे तो बदलतो. नारिंगीच्या कडेला असलेला करडा निळसर भासतो. कारखान्यातील धाग्यांच्या रंगांविषयी आलेल्या तक्रारींतून निघालेला हा नियम चित्रकारांच्या हाती आला, आणि सावली म्हणजे प्रकाशाचा अभाव, म्हणून ती काळी किंवा तपकिरी, ही समजूत ढासळली. सावलीलाही स्वतःचा प्रकाश असतो आणि म्हणून रंग असतो. कायबॉतच्या संत्र्यांखाली कागद निळा आहे, तो या अर्थाने.

सिद्धेश्वरच्या शिक्षकांना हे सारे पुस्तकातून माहीत होते. त्यांच्या अध्यापनात मात्र ते कधी आले नाही, आणि त्याचे कारण वैयक्तिक नव्हते. महाराष्ट्रातील शाळकरी मुलांची स्थिरचित्राशी गाठ पडते ती कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांमधून. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. तांब्या, वांगे, दोन पेरू, मागे कापडाचा पडदा. ठरलेला वेळ, ठरलेल्या मापाचा कागद. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या असंख्य मुलांच्या हाती पहिल्यांदा जलरंग दिले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र त्यांच्यामागे असलेली शिक्षणपद्धती एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधून, साउथ केन्सिंग्टनच्या अभ्यासक्रमातून, मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेमार्फत इकडे रुजली. तिचा भर रेषेच्या अचूकतेवर होता. आधी बाह्यरेषा, मग प्रमाण, मग वस्तूचा रंग, शेवटी छाया. म्हणजे आधी वस्तूचे नाव निश्चित करायचे, मग त्या नावाला शोभेल असा रंग भरायचा. वांगे जांभळे, पेरू हिरवा, पडदा पांढरा, सावली काळी. पॅरिसमध्ये रंगाने रेषेविरुद्ध बंड उभारले त्याच दशकांत मुंबईत रेषेचे राज्य पक्के होत होते.

एका वर्षी इंटरमिजिएटच्या सरावाच्या तासाला एका मुलाने पांढऱ्या पडद्याची घडी जांभळ्या रंगाने रंगवली. शिक्षकांनी त्याला विचारले, "सावली अशी असते का रे?" मुलगा म्हणाला, "सर, तशीच दिसू लागली." शिक्षकांनी ओला कुंचला घेऊन ती घडी पुसली, काळ्यात थोडे पाणी घालून तिथे करडी छटा भरून दाखवली आणि परीक्षकाला असले चालणार नाही असे सांगितले. ते खोटे बोलले नव्हते. मुलाला गुण मिळावेत हीच त्यांची इच्छा होती. मुलाने मान हलवली. त्या वर्षी तो परीक्षेला बसला नाही. त्याच्या न बसण्याची कारणे घरची असतील, पैशाची असतील. परंतु भिंतीवर कायबॉतचे चित्र लागल्यानंतर शिक्षकांच्या नजरेला कागदावरचा निळा दिसू लागला, आणि त्याच्यामागोमाग पुसून टाकलेली ती जांभळी घडी.

तो मुलगा पुढे औंढ्याला नागनाथाच्या देवळाजवळ फळांचा गाडा लावू लागला. केव्हातरी कामानिमित्त तो सरांच्या घरी आला, तेव्हा त्यांनी त्याला चित्र दाखवले. सावलीचा रंग तो आपणहून ओळखेल आणि जुना प्रसंग त्याला आठवेल, अशी त्यांची अपेक्षा होती, भीतीही होती. त्याने चित्र बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "सर, माल लई निगुतीनं लावलाय. कागद घातला की फळाला डाग पडत न्हाई, आन् भावबी वाढतो." थोड्या वेळाने म्हणाला, "पण ह्यात विकणारा कुठंय? तराजूबी न्हाई. हे गिऱ्हाईक उभं ऱ्हातं तिथून काढलंय." सावलीविषयी तो काहीच बोलला नाही. त्याला तो प्रसंग आठवत नसावा. आपल्या अपराधाची आठवण ज्याच्यासाठी जपली, त्याच्या लेखी तो अपराध उरलेलाच नव्हता. त्यामुळे क्षमा मागण्याचीही सोय राहिली नाही.

फळविक्रेत्याच्या या बोलण्यात चित्राचे मर्म किती नेमके आले आहे, हे समीक्षेने नोंदवले पाहिजे. वस्तुचित्रांत बहुधा घरातले टेबल असते. फळे विकत घेऊन झालेली असतात, त्यांची मालकी ठरलेली असते. कायबॉतची फळे अजून कोणाचीच झालेली नाहीत. पाहणारा जिथे उभा आहे ती जागा खरोखरच गिऱ्हाइकाची आहे. स्वतः कायबॉत वडिलोपार्जित संपत्तीचा धनी होता. मित्रांची चित्रे विकत घेऊन त्याने त्यांना अडचणीत हात दिला आणि १८९४ साली मृत्यूनंतर आपला संग्रह फ्रान्सच्या शासनाला ठेवला, त्यातला काही भागच १८९६ साली स्वीकारण्यात आला. गिऱ्हाइकाच्या जागेवरून जग पाहणे त्याला परिचित होते. विक्रेता, बागाईतदार, फळे वाहून आणणारा, यांपैकी कोणीही चौकटीत नाही.

इथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. ज्या मुलखात फळाचा संबंध पाण्याच्या पाळीशी, बाजारातल्या दराशी आणि न विकल्या गेलेल्या मालाच्या नासाडीशी आहे, तिथे फळाकडे निव्वळ पाहत राहणे ही चैन नव्हे काय? ग्रामीण आणि दलित साहित्याच्या चळवळींनी मराठी समीक्षेला विचारलेला प्रश्न हाच होता : हे सौंदर्य कोणाच्या जागेवरून पाहिलेले आहे? विक्रेत्याने तो कोणत्याही प्रणालीचा आधार न घेता विचारला. आणि विशेष हे की, तो त्याने चित्राच्या बाहेर उभे राहून विचारलेला नाही. तो चित्राकडे लक्षपूर्वक पाहण्यातूनच आलेला आहे. तराजू नाही हे दिसण्यासाठी काय काय आहे ते आधी पाहावे लागते.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराच्या कसोटीला हे चित्र लावले तर ते सहज उतरेल. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वाच्या तिन्ही अंगांची उदाहरणे त्यात बोट ठेवून दाखवता येतील : संत्र्यांच्या नारिंगीत आणि सफरचंदांच्या लालीत संवाद, नारिंगी आणि कागदाच्या निळ्यात विरोध, वाट्यांच्या मांडणीत समतोल. 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथाला १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हापासून मराठीत सौंदर्याचा विचार रचनेच्या संबंधांतून करण्याची शिस्त आली, ती याच अर्थाने. परंतु केवळ ही शिस्त पाळली तर फळांच्या जागी रंगीत गोळे असते तरी चालले असते, असे म्हणावे लागेल. फळविक्रेत्याला ते चालणार नाही. त्याच्या दृष्टीने कागदाची प्रत्येक घडी फळाला डाग पडू नये म्हणून आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात सौंदर्यसंकल्पना अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये ताणलेली असल्याचे प्रतिपादन केले. मराठी वादचर्चेत पुष्कळदा या ध्रुवांचे दोन तट झाले. सिद्धेश्वरच्या भिंतीवरील चित्रापुढे मात्र ते एकाच नजरेच्या दोन हालचाली ठरतात. निळा दिसणे आणि विक्रेता न दिसणे या दोन्ही गोष्टी त्याच कागदावर, तितक्याच बारकाईने पाहिल्यावर कळतात.

फळ खाण्यापासून काढून पाहण्यासाठी ठेवण्याची प्रथा मराठी माणसाला परकी नाही. देवाला नैवेद्य 'दाखवतात'. भरवतात किंवा वाढतात असे म्हणत नाहीत. पाट, पाण्याचे मंडल, त्यावर केळी, पेरू, सीताफळ. काही क्षण ती फळे ना बाजाराची असतात ना घरच्यांची. मग तीच प्रसाद होऊन परत येतात आणि मुलांच्या हातावर पडतात. त्यांची चव बदललेली नसते, पण मधल्या क्षणामुळे ती घेताना हात पुढे करण्याची रीत बदलते. सेझानच्या फळांविषयी कवी रिल्के याने १९०७ साली, पॅरिसमधील प्रदर्शन पाहिल्यानंतर, पत्नीला लिहिलेल्या पत्रांत असे निरीक्षण केले की ती फळे खाद्य राहतच नाहीत, इतकी ती हट्टाने वस्तू झालेली असतात. सेझानची फळे नैवेद्याच्या ताटातून परत येत नाहीत. कायबॉतची फळे तिथवर गेलेली नाहीत. ती भाव विचारण्याच्या आधीच्या क्षणी थांबली आहेत. 'भाव' या शब्दाला मराठीत किंमत आणि मनोवृत्ती असे दोन्ही अर्थ आहेत. या चित्रात ते दोन्ही अद्याप ठरलेले नाहीत, आणि ते ठरवण्याची घाई न करणे हेच या चित्राचे रसग्रहण आहे.

घाई न करण्याचा हा धडा साहित्यसमीक्षेला अधिक लागू आहे. खेड्यातल्या जगण्याची कथा हाती आली की समीक्षक आधी तिची बाह्यरेषा काढतो : दुष्काळ, सावकार, भाऊबंदकी, तुटलेली नाती. मग प्रत्येक आकारात त्याच्या नावाला शोभेल तो रंग भरतो, आणि शेवटी दुःखाच्या जागी काळ्यात पाणी घालून छटा देतो. रेखाटन अचूक असते. परीक्षकाला ते चालते. या पद्धतीत नुकसान होते ते त्या लेखकाचे, ज्याला आपल्या घरातल्या दुःखाची घडी जांभळी दिसली होती. त्याने ती तशी लिहिली, तर कोणीतरी प्रेमानेच, त्याच्या हितासाठीच, ओला कुंचला घेऊन ती पुसतो. पुढच्या वेळी तो स्वतःच काळा रंग घेतो, किंवा लिहीत नाही. बहिष्कारापेक्षा हे पुसणे अधिक परिणामकारक असते, कारण त्याची नोंद कुठेच होत नाही. प्रभाकर बरवे यांच्या 'कोरा कॅनव्हास' (१९९०) या पुस्तकाचे मोल मराठी गद्याच्या दृष्टीनेही आहे, ते यासाठी की एक चित्रकार त्यात साध्या वस्तूकडे तिचे ठरलेले नाव बाजूला ठेवून पाहण्याची प्रक्रिया मराठीत शब्दबद्ध करतो. ती प्रक्रिया चित्रकारांपुरती राखून ठेवण्याचे कारण नाही.

याचा अर्थ नावे आणि प्रश्न टाकून द्यावेत असा नव्हे. विकणारा कुठे आहे, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. मुद्दा क्रमाचा आहे. परीक्षेच्या पद्धतीत उत्तर आधी असते आणि पाहणे त्याला पुरावा जोडते. दृक्‌प्रत्ययवादाने पाहण्याला आधीची जागा दिली. फ्रेंच अकादमीने सतराव्या शतकापासून चित्रविषयांची जी उतरंड लावली होती, तिच्यात इतिहास आणि पुराण सर्वांत वर, तर फळाफुलांची चित्रे सर्वांत खाली होती. या तळाच्या विषयात सांगण्यासारखी कथा नव्हती, उपदेश नव्हता, म्हणूनच तिथे पाहण्याला मोकळीक मिळाली. फलश्रुती नसल्याचा हा लाभ आहे.

त्या वर्षी पावसाळा सरताना विक्रेत्याने सरांकडे डोंगरातली सीताफळे पाठवली. शिक्षकांनी त्यांतली तीन पांढऱ्या पंचावर ठेवली आणि बऱ्याच वर्षांनी जलरंगांची पेटी उघडली. सीताफळ परीक्षेत क्वचितच ठेवतात, कारण त्याला बाह्यरेषा अशी नसतेच. सगळे अंग फुगवट्यांचे, वर पांढुरकी भुकटी, बोट लागले की पुसणारी. हिरवा म्हणावा तर करडा, करडा म्हणावा तर खाचांत पिवळट गुलाबी. पहिला कागद फसला. तिथे आधी रेषा काढली होती. दुसऱ्यावर त्यांनी रेषा न काढता पंचावरच्या सावलीपासून सुरुवात केली. ती कोणत्या रंगाची आहे हे ठरवायला त्यांना सकाळ पुरली नाही. दुपारी घरातून विचारणा झाली, "अहो, फळं खायची आहेत की नुसती बघायची? मऊ पडू लागलीत." ते म्हणाले, "एवढं एक राहू द्या, अजून डोळे उघडायचेत त्याचे."

सीताफळाच्या फुगवट्यांना मराठीत डोळे म्हणतात, आणि त्यांच्यामधल्या खाचा रुंदावल्या की फळाने डोळे उघडले, ते उतरवायला हरकत नाही, असे समजतात. दोन फळे त्या दिवशी खाल्ली गेली. तिसऱ्याचे चित्र अपुरे आहे. त्यात फळ थोडे आणि सावली बरीच आहे. सावली जांभळी आहे.